हाडातला पू आणि चाळीस टक्के : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

हाडात शिरलेला जंतुसंसर्ग पुरता निपटायला कित्येकदा वर्षं जातात. त्या वर्षांत माणूस किती महिने कामाला मुकला, किती वेळा पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर गेला, घरातलं काय काय विकलं गेलं, याचा हिशेब लांबलचक असतो. त्याच माणसाला दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल, तर त्याच्या अवस्थेचा आकडा ठरतो तो सरकारी रुग्णालयातल्या एका खोलीत, एका सकाळी, काही मिनिटांत. या दोन हिशेबांचा मेळ कसा घालायचा, हा या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे.

या क्षेत्राला अजून स्वतःचं घर नाही. अस्थिरोगाची पाठ्यपुस्तकं शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकांपाशी थांबतात. कायद्याची पुस्तकं कलमापासून सुरू होतात आणि तिथवर पोचलेला माणूस कसल्या दुखण्यातून आला हे त्यांना माहीत नसतं. समाजकार्याचा विद्यार्थी अर्ज भरून द्यायला शिकतो, पण एक्स-रे पाहून हाडाचा कोणता भाग मेला आहे हे त्याला कुणी दाखवत नाही. म्हणून इथे येणारा प्रत्येक जण अर्धवट तयारीनेच येतो, आणि त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. निवासी डॉक्टर, वकिलीचे विद्यार्थी, परिचारिका, तालुक्याच्या ठिकाणी लोकांचे अर्ज लिहून देणारे कार्यकर्ते, आणि स्वतः वर्षानुवर्षं ड्रेसिंग करत आलेले रुग्ण, या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. सांगायचं आहे ते एकच. या आजारातलं दिव्यांगत्व अवयवात जेवढं असतं त्याहून जास्त काळात पसरलेलं असतं, आणि आपल्या मोजण्याच्या पद्धतीत काळाला फार थोडी जागा आहे.

आधी आजार समजून घेऊ. लोक म्हणतात हाडाला पू झाला, हाड सडलं, हाडाला कीड लागली. डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस लिहितात. हे नाव फ्रेंच शल्यविशारद ऑग्युस्त नेलातों यांनी १८४४ साली रूढ केलं. त्याआधी १८३२ साली लंडनच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी नडगीच्या हाडातल्या जुनाट गळवांविषयी लिहिलं होतं. असह्य वेदनेपायी त्यांनी एका तरुणाचा पाय कापला. कापलेलं हाड चिरून पाहिलं तर आत पुवाने भरलेली एक लहानशी पोकळी होती. हाडाला छिद्र पाडून पू काढता आला असता हे त्यांनी ओळखलं आणि पुढच्या रुग्णांत तसंच केलं. पाय ठेवायचा की काढायचा हा प्रश्न या आजाराला तेव्हापासून चिकटलेला आहे. पुढे तो आपल्याला रुग्णालयाबाहेर, दाखल्याच्या टेबलावरही भेटणार आहे. १८८० साली लुई पाश्चर यांना एका मुलीच्या हाडातल्या पुवात तेच जंतू दिसले जे त्यांनी साध्या फोडाच्या पुवात पाहिले होते, आणि हा आजार म्हणजे अस्थिमज्जेतला फोड आहे असं त्यांनी मांडलं. आज त्या जंतूंना आपण स्टॅफिलोकॉकस म्हणतो आणि हाडाच्या संसर्गात आजही पहिला संशय त्यांच्यावरच असतो.

त्वचेवरचा फोड फुटतो आणि भरतो. हाडातला तसा भरत नाही, कारण हाड कडक असतं आणि सूज यायला आत जागा नसते. पू साचला की आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात, पू हाडावरचं आवरण उचलून धरतो, आणि दोन्हीकडून रक्त तुटलेला तुकडा मरतो. या मेलेल्या तुकड्यापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणजे रक्तातून जाणारं औषधही पोचत नाही. शरीर त्याच्याभोवती नवं हाड रचतं आणि मेलेलं हाड आत कोंडलं जातं. पुवाला वाट हवी असते, ती तो स्वतः करतो. त्वचेला भोक पडतं आणि ते वाहू लागतं. मेलेल्या हाडावर, आणि रॉड किंवा प्लेट टाकली असेल तर त्या धातूवर, जंतू पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरणाऱ्या बुळबुळीत थरासारखा थर धरतात. त्या थराखाली ते जवळजवळ निजल्यासारखे राहतात, आणि वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधं निजलेल्यांवर फारशी चालत नाहीत. म्हणून भोक बंद होतं, माणूस कामाला लागतो, आणि दोन महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही तीच जागा पुन्हा लाल होते, ठणकते आणि फुटते. लहानपणी झालेला संसर्ग उतारवयात पुन्हा उठल्याच्या नोंदी वैद्यकात नवीन नाहीत. बरा झाला हा शब्द जुनाट ऑस्टिओमायलायटिसमध्ये डॉक्टर जपून वापरतात.

फुटलेल्या जागेतून कधी हाडाचा कपचा बाहेर येतो. बोटाच्या पेराएवढा, पिवळट-पांढरा, कडा कुरतडल्यासारख्या. लोक तो टाकत नाहीत. काडेपेटीत कापूस घालून त्यात ठेवतात आणि डॉक्टरांना दाखवायला आणतात. अशा काडेपेट्या मी पाहिल्या आहेत. शिक्का मारलेल्या कुठल्याही कागदापेक्षा तो पुरावा मला महत्त्वाचा वाटत आला आहे, आणि दाखल्याच्या अर्जाला तो कुठेही जोडता येत नाही.

आपल्याकडे हा आजार येण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि हक्कांचे दरवाजेही वाटेप्रमाणे बदलतात. लहान मुलांत जंतू रक्तातून येतात आणि लांब हाडांच्या वाढत्या टोकाशी, जिथे रक्ताचा वेग मंदावतो तिथे, घर करतात. ताप येतो, मूल पाय टेकवत नाही, घरचे म्हणतात खेळताना पडला असेल. एक्स-रे काढला तर पहिले दहा-बारा दिवस तो साफ दिसू शकतो, आणि तेवढ्यात हाताशी असलेला मोलाचा वेळ निघून जातो. मोठ्यांत मुख्य वाट रस्त्यावरच्या अपघाताची. नडगीचं हाड त्वचेच्या लगेच खाली असतं, ते मोडून बाहेर येतं, त्यात माती जाते. मधुमेह्यांत पायाच्या बोटाजवळची न दुखणारी जखम हळूहळू हाडापर्यंत जाते. क्षयाचे जंतू मणक्यात आणि सांध्यांत बसतात. अशा रुग्णाला क्षयरुग्ण म्हणून निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळतात, २०१८ पासून महिना ५०० आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००. हाडाचा क्षय हाही क्षयच, हे रुग्णाला कुणी न सांगितल्यामुळे हा हक्क कित्येकदा तसाच राहून जातो.

सिकलसेलची वाट वेगळी आणि खास आपल्या राज्याच्या जिव्हाळ्याची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात हा रक्ताचा आजार घरोघरी ओळखीचा आहे. वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी हाडातल्या बारीक वाहिन्या अडवतात, हाडाचा तुकडा मरतो, आणि अशा हाडात साल्मोनेलासारखे आतड्यातून आलेले जंतू सहज वस्ती करतात. नुसता रक्तप्रवाह अडल्याने आलेली कळ कोणती आणि संसर्गाची कळ कोणती, हे ओळखणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. कायद्याच्या दृष्टीने मात्र या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यांत सिकलसेलचं नाव घातलं. ऑस्टिओमायलायटिसचं नाव त्या यादीत नाही. तेव्हा एकाच खाटेवर, एकाच हाडात सारखाच पू असलेल्या दोन मुलांपैकी एकाला आजाराच्या नावाने आत जाता येतं, दुसऱ्याला चलनवलनाच्या दिव्यांगत्वात बसून दाखवावं लागतं.

आता दाखला. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात चाळीस टक्के हा उंबरठा आहे. तो ओलांडला की सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण, आपल्या राज्यात एसटीच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना हे दरवाजे खुले होतात. उत्पन्नाची अट वेगळी. निराधारचे पैसे, लोक त्यांना असंच म्हणतात, महिना १५०० होते, ते दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय राज्याने २०२५ साली घेतला. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाची रक्कम महिना ३००, आणि त्याला अट ऐंशी टक्क्यांची. हाडाच्या संसर्गाचा रुग्ण ऐंशीपर्यंत क्वचितच पोचतो. झगडा चालतो तो चाळिसाच्या अलीकडे-पलीकडे.

टक्के कसे काढतात ते एकदा जवळून पाहावं. बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड कामगार दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे, म्हणजे बोर्डापुढे, आलेला मला आठवतो. मोटारसायकलवरून पडून नडगी मोडलेली, रॉड टाकलेला, त्यात पू झालेला, रॉड काढून बाहेरून कड्यांची रिंग बसवलेली, रिंगही निघालेली. डॉक्टरांनी कोनमापक लावून गुडघा किती वाकतो ते पाहिलं, घोट्याची हालचाल पाहिली, स्नायूंची ताकद आजमावली. टेप कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या बाजूपर्यंत धरून दोन्ही पायांची लांबी मोजली. उभं राहायला, एका पायावर तोल सांभाळायला, मांडी घालून बसायला सांगितलं. वेदना, पायातला बाक, आखूडपणा यांसाठी टक्के काढण्याच्या सरकारी तक्त्यात थोडे जादा गुण आहेत, ते धरले. जखम त्या दिवशी कोरडी होती, कारण प्रवास करायचा म्हणून त्याने आठवडाभर आधी गोळ्या सुरू केल्या होत्या. बेरीज चाळिसाच्या बरीच खाली आली. मोजण्यात कुणाची कसूर नव्हती. तक्ता जे विचारत होता त्याचं उत्तर बरोबर निघालं होतं.

तक्ता विचारत नव्हता ते असं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती पूर्ण हंगाम राबून फेडायची असते. हंगामाच्या मध्यात पाय फुटला तर एकट्या बायकोने कोयता पुरा होत नाही, उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षात जाते. सहा महिन्यांत दोनदा फुटणारा पाय हा त्या धंद्यात गेलेलाच पाय असतो. वर्षातले तीनशे दिवस तो धड असेलही, पण मुकादम उरलेल्या पासष्ट दिवसांचा भरवसा मागतो.

यात आणखी एक पेच आहे, आणि नव्या अभ्यासकाने तो लवकर लक्षात घ्यावा. उपचार चालू असताना रुग्ण बोर्डाकडे गेला तर साहजिकच त्याला सांगितलं जातं की अवस्था अजून स्थिर नाही, उपचार संपवून या. उपचार संपल्यावर गेला तर संसर्ग शांत असतो आणि टक्के भरत नाहीत. ज्या काळात तो खरोखर काहीच कमावू शकत नाही, तो काळ या दोन भेटींच्या मधोमध निसटतो. अवस्था बदलण्याचा संभव असेल तिथे मुदतीचा दाखला देण्याची सोय नियमांत आहे. या आजारासाठी ती जणू बेतूनच ठेवली आहे असं मला वाटतं, पण तिचा वापर बोर्डाच्या सवयीवर अवलंबून राहतो.

वर पाय ठेवायचा की काढायचा म्हटलं, ते इथे येतं. गुडघ्याखालून पाय कापला असेल तर तक्त्यात त्याला थेट आकडा आहे, आणि तो चाळिसाच्या पुष्कळ वर आहे. तोच पाय सर्जनने चार-पाच शस्त्रक्रिया करून वाचवला असेल, हाड जुळलं असेल पण मधून मधून वाहत असेल, तर रुग्ण उंबरठ्याच्या अलीकडे अडकू शकतो. म्हणजे ज्याने पाय वाचवण्यासाठी दोन वर्षं सोसली त्याच्या पदरात कमी पडतं. पाय वाचवणं ही वैद्यकाची मोठी कमाई आहे यात मला शंका नाही. सैबेरियातल्या कुर्गानला गाव्रील इलिझारोव्ह यांनी कड्या आणि तारांची चौकट बसवून रोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरने, हाड सरकवत नवं हाड उगवून दाखवलं. मेलेलं हाड बिनधास्त काढून टाकायची हिंमत सर्जनना त्यामुळेच आली. पण त्या एका मिलिमीटरचा हिशेब रुग्णाच्या बाजूने करा. सहा सेंटिमीटर हाड गेलं असेल तर नुसतं सरकायला साठ दिवस, आणि नवं हाड टणक होईपर्यंत चौकट अंगावर आणखी कितीतरी महिने. अमेरिकेतल्या आठ मोठ्या अपघात केंद्रांत जबर दुखापत झालेल्या पायांचा जो अभ्यास झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात दोन वर्षांनंतर पाय कापलेले आणि पाय वाचवलेले यांच्या एकूण हालअपेष्टांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. कामावर परतलेले साधारण निम्मे, दोन्ही गटांत. पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण मात्र वाचवलेल्या पायांत जास्त, ४७.६ टक्के विरुद्ध ३३.९. वाचलेला पाय म्हणजे सुटलेला माणूस असं तक्ता गृहीत धरतो. हे आकडे तसं सांगत नाहीत.

काळ मोजता येतच नाही, असं कुणी म्हणेल. पण तो मोजल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या दिव्यांगत्वाच्या यादीत २००२ पर्यंत ऑस्टिओमायलायटिस नावानिशी होता. कटी, मणका, मांडी, नडगी किंवा मोठा सांधा यांत संसर्ग सतत धुमसत असेल, किंवा निर्णयाआधीच्या पाच महिन्यांत तो किमान दोनदा उफाळला असेल, आणि उपचार घेऊनही बारा महिने टिकण्याची चिन्हं असतील, तर तो माणूस त्या नोंदीत बसत असे. उफाळ्यांची मोजदाद, ठरलेला कालावधी आणि रक्ताच्या तपासण्या या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. पुढे उपचार सुधारले म्हणून ती नोंद वगळली गेली आणि तिथल्या रुग्णांना न जुळलेल्या हाडाच्या किंवा चालू शस्त्रक्रियांच्या नोंदींतून वाट काढावी लागते. वगळण्याशी मी सहमत नाही, पण ते वाक्य कुणीतरी एकदा लिहिलं होतं आणि त्यावर वर्षानुवर्षं निर्णय झाले, हे आपल्या उपयोगाचं आहे.

आपल्याकडेही एक जागा आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, साधा आजारपण लाभ वेतनाच्या सत्तर टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. शिवाय चौतीस दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यांतल्या आजारात ऐंशी टक्के दराने, एकूण दोन वर्षांपर्यंत लाभ वाढवता येतो. त्यासाठी विमाधारकाची आधीची दोन वर्षांची सलग नोकरी लागते. त्या यादीत अस्थिरोगांच्या गटात न जुळलेला किंवा उशिरा जुळणारा अस्थिभंग आहे, आणि जुनाट ऑस्टिओमायलायटिससह उघडा अस्थिभंग, असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. इथे कुणी टक्के विचारत नाही. आजार आहे का आणि माणूस कामावर जाऊ शकतो का, एवढंच पाहिलं जातं. चाकण, वाळूज, बुटीबोरी, तारापूर अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या किती कामगारांनी हा लाभ मागितला आणि किती जण नुसता राजीनामा देऊन गावी गेले, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. अट अर्थात विमाधारक असण्याची. वरचा ऊसतोड कामगार इथे येतच नाही.

न्यायालयांनी तर टक्के आणि काम करण्याची क्षमता यांतला हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. मोटार अपघात दाव्यांत राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने न्यायाधिकरणांना पद्धतच घालून दिली. आधी पाहायचं की माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही, मग त्याचा अपघाताआधीचा धंदा कोणता होता, मग त्या धंद्यातून तो कितपत उठला. डॉक्टरच्या दाखल्यावरचे टक्के म्हणजे कमाईतली घट नव्हे, हे त्यात स्वच्छ म्हटलं आहे. नडगीत पू झालेल्या अपघातग्रस्ताचा दावा चालवणाऱ्या वकिलाने पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च आणि संसर्ग उलटण्याची शक्यता सर्जनच्या साक्षीतून नोंदवून घ्यावी. तडजोडीत हाच भाग सगळ्यात आधी सुटतो.

नोकरदारांसाठी २०१६ च्या कायद्याचं कलम २० पाठ असावं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याची पायरी उतरवता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं. १९९५ च्या कायद्यातल्या याच तरतुदीवर कुणाल सिंग यांचा खटला २००३ साली सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. ते विशेष सेवा ब्यूरोतले शिपाई. ड्यूटीवर डाव्या पायाला दुखापत झाली, पाय कुजला आणि कापावा लागला, आणि त्यांना निवृत्त करण्यात आलं. त्यांना निवृत्तिवेतन मिळतंय म्हणून संरक्षण नाही, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

चाळिसाच्या खाली राहिलेल्यांचं काय? त्यांच्या हातात काहीच नाही असं समजून कार्यकर्तेही त्यांना परत पाठवतात, आणि ते चूक आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व चाळीस टक्के नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की आरक्षणासाठी उंबरठा लागतो, वाजवी सोयीसवलतींसाठी लागत नाही. दीर्घकाळची शारीरिक उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून ज्याचा सहभाग खुंटतो तो कायद्याच्या व्याख्येने दिव्यांगच. दीर्घकाळ या शब्दात आपल्या आजाराला बसायला ऐसपैस जागा आहे. बसून करायचं काम, ड्रेसिंगसाठी वेळ, पाय वर ठेवायला स्टूल, ऑपरेशनच्या वेळी परीक्षेची फेरसंधी, ही मागणी सव्वीस टक्क्यांवरही करता येते. महाराष्ट्रातल्याच ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, २०२४ साली, न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला अपात्र ठरवू नये, तो अभ्यासक्रम त्या व्यक्तीला करता येईल का याची कारणं मंडळाने लिहावीत. आकड्याशेजारी कारणांची सक्ती झाली तर काळाचा उल्लेख आपोआप कागदावर येऊ लागेल.

उपचारांच्या बाजूनेही दोन गोष्टी या क्षेत्रात येणाऱ्याने माहीत करून घ्याव्यात. जॉर्ज सिएर्नी आणि जॉन मेडर यांनी १९८५ साली मांडलेल्या वर्गीकरणात हाडाचा कोणता भाग पोखरला एवढंच पाहिलं जात नाही. रुग्ण कसा आहे, मधुमेह, कुपोषण, तंबाखू, रक्तपुरवठा, हेही पाहिलं जातं, आणि ज्याला उपचार आजाराहून जड जातील असा एक वर्ग त्यात वेगळा काढलेला आहे. माणसाला धरून मोजता येतं याचा दाखला वैद्यकाच्या घरातच आहे. दुसरी गोष्ट शिरेतून देण्याच्या इंजेक्शनांची. सहा आठवडे रुग्णालयात राहून सलाइनमधून औषध घ्यायचं, हा जुना नेम. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत १०५४ रुग्णांवर झालेल्या ओव्हिवा चाचणीने २०१९ साली दाखवलं की योग्य निवडलेल्या गोळ्या तेवढ्याच उपयोगी पडतात. उपचार फसण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत १४.६ टक्के, गोळ्यावाल्यांत १३.२. रोजंदारीवरच्या घरासाठी याचा अर्थ मोठा आहे. रुग्ण मूल असेल तर आईची सहा आठवड्यांची मजुरीही बुडते, आणि ती वर सांगितलेल्या एकाही हिशेबात धरली जात नाही.

मुलांबद्दल एवढंच पुरेसं नाही. वाढीच्या टोकाला इजा झाली तर तिचा परिणाम पाय आखूड किंवा वाकडा होऊन दिसायला वर्षं लागतात. सहाव्या वर्षी नगण्य आलेले टक्के चौदाव्या वर्षी दुप्पट होऊ शकतात, आणि तोवर जुना दाखला घरात जपून ठेवलेला असतो. फेरतपासणीचा अर्ज करता येतो हे पालकांना सांगायचं काम सध्या कुणाकडेच नाही. शाळा ते करू शकेल असं मला वाटतं, पण त्यासाठी शिक्षकांना आजाराची ओळख हवी.

जो या अभ्यासाला आज सुरुवात करणार आहे त्याने पुस्तकाआधी एक फाइल हातात घ्यावी. रुग्णाच्या परवानगीने, त्याच्याच घरी बसून. बहुतेक फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत, उलटसुलट लागलेल्या असतात. पहिल्या अस्थिभंगाची किंवा पहिल्या तापाची तारीख शोधावी आणि तिथून पुढे एका लांब कागदावर ओळीने लिहीत जावं. प्रत्येक भरती, प्रत्येक ऑपरेशन, पू तपासणीत कोणता जंतू निघाला, रक्तातलं सीआरपी किती होतं, कोणत्या दिवशी भोक बंद झालं, कधी उघडलं. त्याच्याच खाली दुसरी ओळ कामाची आखावी, किती हजेऱ्या भरल्या, कोणत्या महिन्यात काम सुटलं, उचल किती फिटली. वाहत्या जखमेचे फोटो मोबाइलमध्ये असतातच, त्यांवर तारखाही असतात, ते त्या-त्या जागी लावावेत. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून गेल्या दोन वर्षांत संसर्ग किती वेळा उफाळला आणि दर वेळी किती दिवस काम बंद राहिलं, हे त्यांच्या अक्षरात, सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावं. असा कागद घेऊन गेलेल्या रुग्णाला मुदतीचा दाखला द्यावा की नाही यावर निदान चर्चा तरी होते, आणि नकार आला तर अपिलात काय मांडायचं हे तयार असतं.